धरलं तर चिकटतं, सोडलं तर सुटत नाही

परवा रात्री लाइट गेली आणि मला एकदम आठवलं की आपल्याकडे टॉर्च आहे. साधासुधा नाही, चांगला. इतका चांगला की रोजच्या वापराला काढायचाच नाही असं मीच ठरवून त्याला बॉक्समध्ये, बॉक्स पिशवीत, पिशवी खालच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर घट्ट बंद, अशी व्यवस्था कैक वर्षांपूर्वी लावून ठेवली होती. तर मी मोबाइलचा टॉर्च लावून तो टॉर्च शोधायला गेले. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या हातात उजेड आहे की." मी म्हणलं, तो वेगळा, हा खरा टॉर्च.

बॉक्समध्ये हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला, कारण आत काहीतरी ओलसर, मऊ आणि नुकतंच मेलेलं होतं. म्हणजे तसं वाटलं. हात बाहेर आला तो टॉर्च घेऊनच आला, मी तो धरला नव्हता, त्यानंच मला धरलं होतं. आणि त्याच्या पोटाला वॉरंटी कार्ड चिकटलेलं, ते ओढून काढलं तर कार्ड निम्मं कोरं आणि उरलेला मजकूर उलट्या अक्षरात टॉर्चवर छापलेला. नवरा लांबूनच म्हणाला, "अगं, कशाला हात लावलास!" हे वाक्य हात लावून झाल्यावरच बोलायचं असतं, असा घराघरातला नियम असावा.

पुढची दहा मिनिटं मी ज्याला ज्याला हात लावला ते ते काळं झालं. ड्रॉवरची मूठ, मोबाइल, दाराची कडी, आणि नाक खाजलं म्हणून नाक. तेवढ्यात लाइट आली आणि सगळ्यांनी मला पाहिलं.

मला मनापासून वाईट कशाचं वाटलं सांगते, हा टॉर्च मी केवळ स्पर्शावर भाळून घेतला होता. उजेड किती पडतो, सेल किती खातो, काहीही विचारलं नव्हतं. हातात घेतला, असं मखमली, कोमट, पीच फळाच्या सालीसारखं काहीतरी लागलं आणि मी खल्लास. नंतर कळलं की ही मखमल बिखमल काही नसते, तो रंग असतो. आत तोच आपला नेहमीचा कडक, टकटक वाजणारा प्लॅस्टिकचा सांगाडा, एबीएस नाहीतर पॉलीकार्बोनेट जातीचा, आणि वरून पॉलियुरेथेनचा सॉफ्ट-टच थर मारलेला, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. म्हणजे मी ज्याच्या प्रेमात पडले होते तो नुसता मेकअप होता.

दुसऱ्या दिवशी मी या विषयात शिरलेच. आधी साफ करायचं सोडून वाचत बसले, कारण शत्रू ओळखल्याशिवाय मला फडकं उचलवत नाही. तर पॉलियुरेथेन हे 1937 साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं, उत्तम वस्तू, फोमपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे आहे. त्याच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्यात कडक तुकडे आणि मऊ तुकडे आलटून पालटून, आणि मऊ तुकडे पॉलिएस्टर जातीचे असले की त्यात एस्टर नावाचे जोड असतात. हवेतली दमट वाफ हळूहळू आत शिरते आणि हे जोड उसवत बसते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. साखळ्या तुटून आखूड झाल्या की घट्ट थर पातळ पडतो आणि त्याचा चिकटा होतो, बाहेरून काही सांडलेलं नसतं, वस्तूच स्वतः पाघळलेली असते. आणि यातला खरा खवटपणा पुढेच आहे, जोड तुटला की तिथे आम्ल तयार होतं आणि ते आम्ल उरलेले जोड तोडायला मदत करतं. म्हणजे एकदा सुरू झालं की प्रकरण स्वतःच स्वतःला ढकलत नेतं. आमच्या नात्यातली काही भांडणं अशीच चालतात, पहिला शब्द कोणाचा होता हे कोणालाच आठवत नाही.

आता मला सांगा, मी केलं काय होतं, तर जपलं होतं. बंद पिशवीत, बंद ड्रॉवरमध्ये, जिथे वारा लागत नाही आणि आतला दमटपणा आणि ते आम्ल दोघं मस्त मुक्कामाला राहतात. बरं, रोज वापरला असता तर टिकला असता का? तसंही नाही. हाताचा घाम, त्वचेचं तेल, क्रीम, सॅनिटायझर, हे सगळं त्या थराला वेगळ्या वाटेनं खातंच. हात लावलात तर झिजणार, नाही लावलात तर पाघळणार. जी वस्तू केवळ हात लावण्यासाठी बनवली तिला हात कधी लावायचा हे कोणीतरी मला तारीखवार लिहून द्यावं. पॉलिएस्टरऐवजी पॉलिईथर जातीचं युरेथेन वापरलं तर पाण्याला फारशी दाद देत नाही म्हणे. हे माहीत असूनही माझ्या वाट्याला हा कसा आला, ते त्या टॉर्चवाल्यांनाच ठाऊक.

मग साफसफाई. साबणपाण्यानं चिकटा जागचा हलला नाही, फक्त जास्त उत्साही झाला. मग टाल्कम पावडर फासली. हा उपाय लागू पडतो, शप्पथ, दोन दिवस टॉर्च कोरडा ठणठणीत होता, फक्त दिसायला नाटकातल्या भुतासारखा, तिसऱ्या दिवशी पावडर आत मुरली आणि आता तो चिकटही होता आणि सुवासिकही. खायच्या सोड्याची पेस्ट करून घासली, त्यानं बऱ्यापैकी निघालं, पण बटणाच्या खाचांमध्ये सोडा जाऊन बसला तो अजून आहे.

मध्येच मी एक शहाणपणा केला. नेलपॉलिश रिमूव्हर. सगळं काढतं ना ते, मग हेही काढेल. काढलं की! थर काढला आणि खालचं प्लॅस्टिकही काढलं, कारण त्यात असतं ॲसिटोन आणि ॲसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळतं. आता टॉर्चच्या एका बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय, रेषान्‌रेषा स्पष्ट. उद्या या टॉर्चनं कुठे काही गुन्हा केला तर मी सरळ आत.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, नव्वद टक्क्यांच्या वरचं, खिडक्या उघडल्या, आणि बसले घासत. यानं मात्र निघतं. थोडं थांबायचं, भिजू द्यायचं, मग फडकं फिरवायचं की काळी काळी वळवटं निघतात. फडकी चार गेली. पाचवा नवऱ्याचा बनियन होता, त्याबद्दल नंतर बोलणं झालं.

हे चालू असताना ड्रॉवरमधली बाकीची मंडळीही बाहेर आली, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. जुना हेडफोन काढला तर त्याच्या गाद्यांची खपली पडायला लागलेली, तेही पॉलियुरेथेनच, कातड्याचं सोंग घेतलेलं. मागे एकदा ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला मी अर्धा तास गालावर काळे ठिपके घेऊन गंभीर चेहऱ्यानं बोलत होते आणि एकाही माणसानं सांगितलं नाही. तेव्हापासून त्या टीमवर माझा विश्वास नाही.

रिमोटची बटणं तुपकट. ती सिलिकॉन रबरची असतात, त्यातून वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल पाझरतं आणि बटणाखालच्या कार्बनच्या टिकलीवर जाऊन बसतं, म्हणून आवाजाचं बटण सतरा वेळा दाबावं लागतं आणि आपण उगाच सेल बदलत बसतो.

सगळ्यात भारी प्रकार रेडिओचा. त्याची वायर त्याच्याच अंगाला गुंडाळून ठेवली होती, आणि ती सोडवली तर रेडिओच्या पाठीवर वायरच्या आकाराची खोल खाच पडलेली, जणू कोणीतरी तापलेली तार टेकवली. तापलं बिपलं काही नव्हतं. वायरीचं आवरण असतं पीव्हीसी प्लॅस्टिकचं, ते मुळात कडक, त्याला लवचीक करायला त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, आणि तो आत बांधलेला नसतो, नुसता राहायला आलेला असतो. शेजारी पॉलीस्टायरीन किंवा तसलं प्लॅस्टिक मिळालं की तिकडे सरकतो आणि त्यालाही मऊ करून टाकतो. स्वतः वायर मात्र कडक होऊन तडकते. या प्लॅस्टिसायझरांपैकी चार थॅलेटांवर युरोपियन युनियननं जुलै 2019 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत 0.1 टक्क्याची मर्यादा घातली आहे, ती अर्थात आरोग्यासाठी, माझ्या रेडिओच्या पाठीसाठी कोणी कायदा केलेला नाही.

मुलीचं पारदर्शक मोबाइल कव्हर पिवळं पडलंय ते मी घासायला घेतलं, तर ती म्हणाली, "तो डाग नाहीये आई, तो रंग आहे." बरोबर होतं तिचं. ते टीपीयू असतं, म्हणजे पुन्हा पॉलियुरेथेनचंच भावंड, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं रसायनच पिवळं होतं, घासून काय होणार. तरी मी थोडं घासलं. हात थांबत नव्हता.

तर तीन तासांनी टॉर्च झाला साफ. चकचकीत, कडक, आणि हातातून सटकणारा. चालू-बंद, कमी-जास्त, सगळी अक्षरं थराबरोबर गेली, त्यामुळे आता एकच गुळगुळीत बटण आहे, दाबायचं आणि काय होतंय ते बघायचं. पण लागला! मी विजयी मुद्रेनं ते निम्मं वॉरंटी कार्ड टाकायला उचललं आणि सहज वाचलं, तर त्यावर लिहिलेलं, "नियमित वापरामुळे होणारी झीज वॉरंटीत येत नाही."

मी दोनदा वाचलं. वापरामुळे होणारी. अहो, मी वापरलाच नव्हता! एकदाही नाही! माझी केस इतकी स्वच्छ होती की मला रडू यायचं बाकी राहिलं. घाईघाईनं वॉरंटीची मुदत शोधली. ओळ सापडली, "खरेदीच्या तारखेपासून", मग कोरी जागा, मग "वर्षे". मधला आकडा टॉर्चला चिकटून गेला होता, आणि टॉर्चवरून तो मी पुसला होता, अल्कोहोलनं, अगदी खाचाखोचांतून, मन लावून.

नवऱ्यानं वर न बघता सांगितलं, "माझा बनियन आरशासमोर धरून बघ, उलटा छापलेला असेल."