दोन डावे गमबूट आणि साठ एकर पाणी

परतून चार दिवस झाले, उजव्या पायाचा अंगठा अजून ठणकतोय आणि बायको म्हणते शंभर रुपयाच्या बुटावरून किती दिवस रडायलाव. प्रश्न शंभर रुपयाचा नाहीच. म्हणजे थोडा आहे.

लातूरहून आमचा ग्रुप सिक्कीमला गेला. परमिट, फोटो, घाट, उलट्या, हे सगळं सोडून देतो. गंगटोकपासून ४० किलोमीटरवर, १२ हजार फुटांच्या वर, डोंगरांच्या मधोमध छांगू लेक. निळंशार पाणी, कडेला अजून बर्फ, शिंगांना लोकरीच्या रंगीत टोप्या घातलेले याक. लई सुंदर असणार. मला कुठं नीट बघता आलं, बर्फात जायला भाड्यानं घेतलेले दोन्ही गमबूट डाव्या पायाचे निघाले. परत दाखवायला गेलो तर दुकानातली बाई एकदम शांतपणे म्हणाली, "बरफ में क्या पता चलता है." पता चलता है, बाई.

तर मी असा दोन डाव्या पायांवर काठावर उभा, आणि शेजारी आमच्या ग्रुपमधले निलंग्याचे काका. जन्म कालव्यावर नोकरी करण्यात गेला. सगळे सेल्फी काढायलेत आणि काका एक डोळा मिटून पाण्याकडं बघायलेत.

"साठ एकर असंल," ते म्हणाले.

"काय साठ एकर?"

"तळं ओ. सरासरी पंधरा फूट खोल धरा. किती झालं?"

मी म्हणलं काका, इथं श्वास लागंना, हिशोब कुठून करू. पण ते मोबाईल काढून सुरूच. १११ कोटी लिटर! "आता २०१६ ला मिरजेहून आपल्याला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, मग ५० केल्या, म्हणजे खेपेला २५ लाख लिटर. हे तळं आणायला किती खेपा?"

"काका, फोटो काढू का तुमचा?"

"साडेचारशे. जवळजवळ."

(हॉटेलवर मुद्दाम बघितलं तर तळं खरंच साडेचोवीस हेक्टर निघालं, म्हणजे साठ एकरच, आणि सरासरी खोली साडेचार मीटर. ह्या माणसाच्या डोळ्याला मोजपट्टीच लावलेली आहे आणि मला माझा उजवा बूट ओळखू येईना.)

मग त्यांना धरणं मोजायचं टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आठवलं आणि चेहराच पडला. "अरारा, असली पंचवीस तळी ओतली तर कुठं एक टीएमसी होतंय. अन् आपल्या जायकवाडीत १०२!" म्हणत त्यांनी छांगूकडं असं बघितलं की जावयानं सासुरवाडीत डाळपाणी बघावं. एवढ्या लांब, एवढे पैसे भरून, आणि पाव टीएमसी पण नाही.

मी भांडलो असतो, पण खरं सांगू, मला पण तेच दिसायला लागलं होतं. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसाला येतो, तो पण रात्री तीनला, त्या दिवशी पाहुणे असोत की ताप, उठून बादल्या लावा. पाणीपट्टी मात्र बारा महिने. जायकवाडी १०२ ची असली म्हणून माझ्या टाकीत काय पडतंय? पाणी बघून आधी "अहाहा" निघायला पाहिजे, आमच्या तोंडून "कुठं साठवायचं" निघतं. ही सवय कुणी लावली हे विचारायला गेलो तर अर्ज आणा म्हणतेत.

असो. तेवढ्यात बायकोनं हाक मारली, मी वळलो, दोन्ही डावे बूट एकमेकांत अडकले आणि मी बर्फात बसलो. पडलो नाही, बसलो. नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला, काल तो ग्रुपवर आला. दोन्ही पायांचे चवडे एकाच दिशेला, मागं अख्खं छांगू. सत्तावीस जणांनी हसून घेतलं.

काकांनी खाली लिहिलंय, "जरा सरकून बसायचं होतं, सांडवा झाकला तुम्ही."