सरहद्दीवरच्या माणसाला गद्दार ठरवण्याआधी

पोलंडच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्राच्या अलीकडे, झार्नोवियेत्स नावाचं लांबट सरोवर आहे. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेलं. पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर वर, तळ मात्र समुद्राच्याही सतरा-अठरा मीटर खाली! त्याच्या पश्चिम काठावर नादोले हे काशुबी लोकांचं, म्हणजे स्वतःची वेगळी भाषा असलेल्या उत्तर पोलंडमधल्या स्लाव्ह लोकांचं, छोटं गाव. शेती आणि मासेमारी.

पहिल्या महायुद्धानंतर इथली जर्मनी-पोलंड सीमा सरोवराच्या अंगाने आखली गेली. त्या हिशेबाने नादोले जर्मनीत जायचं. पण गावकऱ्यांचा कौल पोलंडच्या बाजूने होता. १९२० पासून १९३९ पर्यंत गाव पोलंडचंच राहिलं. तीन बाजूंना जर्मनी, चौथीकडे पाणी, आणि आपल्याच देशात जायचं तर सरोवर ओलांडायचं! ही निष्ठा नव्हे तर काय?

पोलंडचं युद्ध म्हटलं की आपल्याला आउश्वित्झ आठवतं, कोल्हापूरकरांना वळिवड्याची निर्वासितांची छावणी. प्याश्नित्सा कुणालाच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. या सरोवरातून वाहणाऱ्या नदीच्या नावाचंच ते जंगल. आउश्वित्झची छावणी उघडण्याआधीच, १९३९ च्या शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत, नाझींनी तिथे अंदाजे १२ ते १४ हजार माणसं मारली. शिक्षक, पाद्री, सरकारी नोकर, शिवाय जर्मनीतून रेल्वेने आणलेले मनोरुग्ण. वेयहेरोवोच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर अलित्स्या कोतोव्स्का यांना मारलं ते ११ नोव्हेंबरला, पोलंडच्या स्वातंत्र्यदिनी. १९४४ मध्ये पुरावा नष्ट करायला श्टुटहोफ छावणीतल्या कैद्यांकडून प्रेतं उकरून जाळून घेतली, मग त्या कैद्यांनाही संपवलं.

जे वाचले त्या काशुबींची नावं ‘जर्मन लोकयादी’त, म्हणजे नाझींनी जर्मन ठरवलेल्या लोकांच्या यादीत, घालण्यात आली. नकार दिला तर छावणीची भीती, आणि नाव चढलं की पोरांना जर्मन सैन्यात सक्तीची भरती. युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये याच लोकांकडे संशयाने पाहिलं गेलं. हा अन्याय आहे, आणि तो जुना झालेला नाही. २००५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार डोनाल्ड तुस्क (पुढे पोलंडचे पंतप्रधान झाले) यांच्याविरुद्ध ‘वेहरमाख्तमधला (नाझी जर्मनीच्या सैन्यातला) आजोबा’ हा मुद्दा गाजवला गेला. ते आजोबा, योझेफ तुस्क, काशुबी होते. आधी श्टुटहोफ आणि नॉयेनगामे या छावण्या भोगल्या, १९४४ मध्ये जर्मन गणवेश चढवावा लागला, आणि काही महिन्यांतच ते पश्चिम आघाडीवरच्या पोलिश सैन्यात दाखल झाले. प्रचार करणाऱ्यांनी यातला फक्त गणवेश उचलला.