मेणवलीच्या वाड्यावर स्वारी कशी करावी

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. तेवढ्यात भेळ उरका आणि कागद कृष्णामाईसाठी जपून ठेवा.

वाड्यात शिरल्यावर नाना फडणवीस कोण, ही चौकशी टाळा. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा १७६१ साली पानिपतावरून कसाबसा जिवानिशी परततो, आई मात्र तिकडेच हरवते. हे ऐकत बसलात तर ऊन उतरेल आणि रील राहील.

घाटावर मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे सालही आहे. खडा मारून बघा. वाजली की पोर्तुगीज पुन्हा हरले! शिवाय तुमच्यातल्या एकाचा आवाज म्हणजे साक्षात नारोशंकराची घंटा असतोच. (तीही वसईचीच, पण जाऊ दे.)

भिंतींवरची देवादिकांची चित्रं फिकट वाटली तर पाणी मारा. ही युक्ती माझी नाही, गेल्या रविवारी एका दादांनी शिकवली. बाटली उघडली, ओंजळ भरली आणि सपकन भिंतीवर. "काका, ओलं केलं की कलर उठून दिसतात." दिसले की! चुन्याच्या गिलाव्यावरचा लाल क्षणभर ताजा झाला. फोटो निघाला. मग दादांनी रुमालानं भिंत टिपली. रुमालावर लालसर डाग उमटला, तो त्यांनी पाहिला, घडी घातली आणि रुमाल खिशात ठेवला. पेशवाई गेली, इंग्रज गेले, वाईचा पाऊस दर वर्षी आला, तरी टिकलेला रंग त्या दिवशी वॉशिंग मशीनमध्ये गेला असेल. मी हटकलं, तर म्हणे, "तुमच्या बापाचा वाडा आहे का?"

नाही रे. फडणवीसांच्या घराण्याचा आहे. तुझ्या तर मुळीच नाही. शेजारी किल्लीनं बदाम कोरलाय, तोही तुझाच का? घरी खिळा ठोकायचा तर बायकोला चारदा विचारतोस, सोसायटीच्या भिंतीला कुणी पिचकारी मारली तर ग्रुपवर पानभर लिहितोस, आणि इथे हात शिवशिवतात? लाज कशी वाटत नाही? ती बाटली पिशवीत टाक. हात मागे घे. आणि तुझ्या पोराला आवर आधी, तो खडे गोळा करत घाटाकडे निघालाय.