खुलासा : दुसरीकडे खारफुटी लावून पाणथळ जागेची भरपाई होत नाही

‘खाडीकाठच्या पाणथळ जागेवर भराव टाकला, तरी दुसरीकडे तेवढीच खारफुटी लावली की नुकसान भरून निघतं,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांमधल्या पट्ट्यातच टिकते. लागवड मात्र बरेचदा त्याखालच्या चिखलावर होते, कारण ती जागा मोकळी दिसते. तिथं रोप फार वेळ बुडून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, खोडावर बार्नकल (घट्ट चिकटणारे कवचधारी सागरी जीव) चढतात आणि ते मरतं. शिवाय तो चिखल रिकामा नसतोच. ओहोटीला कुरल, तुतवार हे पक्षी तिथंच सागरी कृमी, शिंपले, लहान खेकडे टिपतात. म्हणजे एक अधिवास भरावाखाली गेला आणि दुसरा रोपांखाली!

बांध घालून भरतीचं पाणी तोडणंही धोक्याचं. अशा मातीत पायराइट (लोह आणि गंधक असलेलं खनिज) असेल, तर ती सुकून हवेशी संपर्क आला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्लयुक्त) ४ च्याही खाली जाऊ शकतो.

बिघडलेली जागा सुधारायची तर आधी जमिनीची पातळी मोजावी, मग बांध फोडून भरतीचे नाले मोकळे करावेत. जवळपास तिवर, कांदळ ही खारफुटीची झाडं असतील तर बिया पाण्याबरोबर आपोआप येतात. त्या आल्या नाहीत, तरच लागवड करावी.