दस्ता खांद्यापासून लांब धरायचा? अजिबात नाही

दाजींच्या किनवटकडच्या शेतावर परवान्याची बाराबोर बंदूक आहे. त्यांच्या पोराने मला एक मेसेज पाठवला अन् खाली लिहिलं, "मामा, हे करून बघू का?" म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेज म्हणतो: मोठ्या बोअरची (जाड नळीची) गोळी जनावराला दहा फूट मागे फेकते, कुठंही लागली तरी चालतं. धक्का बसू नये म्हणून दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग) खांद्यापासून दोन बोटं लांब धरा. आणि परवाना असला की शेतात शिरलेलं डुक्कर मारायला कुणाला विचारायला नको. खाली सही, 'जुने शिकारी'.

आधी ती दोन बोटं. हे ज्यानं लिहिलं त्यानं बार काढलेला नाही, एवढं नक्की. आफ्रिकेत हत्ती-रानरेड्यासाठी वापरतात ती .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम रायफल घ्या, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी बोअरची. १९१२ सालचं काडतूस, गोळी साधारण १९ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वर. चार किलोची रायफल त्या धक्क्याने सेकंदाला पाचेक मीटरने मागे येते. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट असेल तर रायफलीबरोबर अख्खं अंग मागे सरकतं, धक्का ढकलल्यासारखा लागतो. मध्ये फट ठेवली की रायफल आधी मोकळी धावते आणि मग खांद्यावर आदळते, हातोडा आदळावा तशी. दुर्बीण लावलेली असेल तर भुवई फुटलीच समजा. बाराबोरचा धक्का सहसा याहून कमी, पण नियम तोच. त्याहून वाईट पुढं होतं. एकदा असा मार खाल्लेला माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, अंग आक्रसतो आणि नेम चुकतो. मग जखमी डुक्कर तुरीत शिरतं आणि त्याच्या मागे आपला माणूस.

जनावर दहा फूट उडतं हे सिनेमातलं. वरचीच गोळी ८० किलोच्या डुकरात अडकली तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. गोळीने जनावर उडत असतं, तर मारणारा आधी उडाला असता.

'कुठंही लागली तरी चालतं' याला एकच माणूस पुरे. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिमीच्या, म्हणजे लहान बोअरच्या रायफलने. कवटीत मेंदू नेमका कुठं असतो हे त्याला ठाऊक होतं. आता मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगतो. सगळेच बेल नसतात, म्हणून तर आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ ची किमान अट आहे. पण ती अट नेमबाजीला पर्याय म्हणून नाही. आणि धक्का खरंच कमी करायचा तर जड रायफल, दस्त्याला रबराची गादी आणि हलक्या काडतुसांवर सराव, एवढं पुरे.

राहिला परवाना. तो बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नाही. पीक नासवणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ प्रमाणे लेखी परवानगी लागते. बिबट्याचं तर नावच काढू नका. २०२० मध्ये बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हासुद्धा आदेश वन विभागाचाच लागला होता. डुकरांनी पीक लोळवलं असेल तर दाजींनी आधी वन विभागात नुकसानीचा अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा.