कागदावर नऊ मीटर, पायाखाली सहा

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या गल्लीची रुंदी सहा मीटर आहे. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या रविवारी सकाळी, गाड्यांची ये-जा सुरू होण्यापूर्वी, शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर काकांना सोबत घेऊन मी स्वतः टेप लावून ती मोजली, आणि दोन ठिकाणी तर ती पावणेसहाच भरली. परंतु गेल्या पाच वर्षांत येथे मंजूर झालेल्या प्रत्येक नकाशावर हीच गल्ली नऊ मीटरची आहे, आणि कोणालाही न दिसणाऱ्या त्या तीन मीटरांच्या जोरावर तीन मजली इमारतींच्या जागी पंधरा-पंधरा मजले चढत आहेत.

ही करामत कशी होते ते सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास साऱ्या राज्याला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारे जादा क्षेत्र) मिळत नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे गल्लीसाठी नवी रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची कागदावरची हद्द, आखायची आणि पुनर्विकास करणाऱ्या प्रत्येक सोसायटीकडून दीड मीटर जागा सोडवून घ्यायची. दोन्ही बाजूंचे सगळे प्लॉट एकाच वेळी पाडले जाणार असतील तर यात काहीही वावगे नाही. आमच्या गल्लीत अकरा प्लॉट आहेत आणि त्यातील चार नव्याने बांधून झाले आहेत. उरलेल्या सातांपैकी कोण केव्हा उठेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्यामुळे आज गल्लीची अवस्था दात पडलेल्या तोंडासारखी झाली आहे. पहिल्या इमारतीने सोडलेल्या दीड मीटरात वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची आणि चार कुंड्या आहेत, दुसरीच्या जागेत स्कूटर लागतात, तिसरीने तेथे पेव्हर ब्लॉक बसवून साखळी लावली आहे, आणि प्रत्येक दोन इमारतींच्या मध्ये जुन्या सोसायटीची भिंत पुन्हा पूर्वीच्याच जागी छाती काढून उभी आहे. गाडी आत घ्यायची तर आधी डावीकडे झुकायचे, मग भिंतीपाशी सरळ व्हायचे, मग समोरून काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर आला की रिव्हर्स घेत थेट कोपऱ्यापर्यंत मागे जायचे. अग्निशमन दलाची गाडी येथे कशी वळणार, असे मी एका बिल्डरच्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने नकाशावरील नऊ मीटरवर बोट ठेवले.

रस्त्याचे निदान दिसते तरी. जमिनीखाली काय चालले आहे त्याची कोणाला फिकीर आहे? आमच्या जुन्या इमारतीत बारा बिऱ्हाडे होती. आता एकेका इमारतीत छत्तीस आहेत, म्हणजे चार प्लॉटवर ४८ घरांची १४४ झाली, आणि मलवाहिनी मात्र त्या ४८ घरांच्या काळातीलच आहे. प्रत्येक नव्या इमारतीने आपल्या जोडणीपुरता रस्ता फोडला, आपल्या फाटकापर्यंत नवी वाहिनी टाकली आणि ती त्याच जुन्या चेंबरला नेऊन जोडली, त्यामुळे जुलैमध्ये ते चेंबर आमच्या दारात उलटते. पाण्याचीही तीच गत आहे. ठाण्याचे स्वतःचे धरण नाही, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि ठाणे महापालिकेची स्वतःची योजना अशा चार ठिकाणांहून या शहराची तहान भागवली जाते, हे सर्वांना ठाऊक असताना एका गल्लीत एकूण किती नळजोडण्या वाढणार याचा हिशेब मंजुरीच्या आधी कोणीतरी करील, अशी माझी भाबडी समजूत होती.

ती समजूत एका सरकारी खिडकीवर संपली. तेथील साहेबांनी शांतपणे सांगितले की प्रस्ताव प्लॉटनिहाय येतात, म्हणून ते प्लॉटनिहायच तपासले जातात. प्रत्येक फाइल नियमात आहे, आणि गल्लीची अशी फाइलच नाही. संतापाने माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण ते खोटे बोलत नव्हते.

आणि आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही, हेही लिहिले पाहिजे. लगतच्या चार सोसायट्यांनी एकत्र येऊन एकच प्रकल्प करावा, मध्ये खरा रस्ता ठेवावा, पार्किंग आणि टाक्या सामाईक कराव्यात, यासाठी आम्ही दोन सभा घेतल्या. पहिली चहा-वड्यांत गेली. दुसऱ्या सभेत एका सोसायटीला तिच्या बिल्डरने चाळीस टक्के वाढीव जागा कबूल केल्याचे उघड झाले, आम्हाला पस्तीसच मिळत होती, आणि तेथून पुढे रस्ता हा शब्द कोणीही उच्चारला नाही. मीही आमच्या स्वतंत्र प्रस्तावाच्या बाजूनेच हात वर केला. घर गळत होते. पण अकरा सोसायट्यांना एका टेबलाशी बसवणे हे रहिवाशांचे काम आहे की नियोजन करणाऱ्यांचे?

सारा परिसर एकत्र नियोजित करण्याची कल्पना या शहराला नवी आहे असेही नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथील लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले, त्यानंतर समूह विकासाच्या मागणीने जोर धरला, शहरात ४४ नागरी पुनरुत्थान आराखडे आखले गेले आणि जून २०२३ मध्ये किसननगरला भूमिपूजनही झाले. त्या योजनेची गती पाहता तिच्यात जाण्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलेलो नाही. परंतु रस्ते, मलवाहिन्या, शाळा, मोकळी जागा हे आधी आणि इमारती नंतर, एवढा क्रम तरी तेथे कागदावर मान्य झाला आहे. आमची गल्ली त्यातील एकाही आराखड्यात नाही, कारण आम्ही अधिकृत आहोत.

मोजणी करताना काकांनी खडूने नऊ मीटरची रेषा आखून पाहिली. समोरच्या बाजूला ती एका पागडीच्या इमारतीच्या ओट्यावरून, तुळशीवृंदावनाला चाटून जाते. त्या इमारतीच्या मालकाचा आणि भाडेकरूंचा खटला एकोणीस वर्षे चालू आहे. ओट्यावर बसलेल्या आजींनी रेषा पाहिली, पुढची तारीख दिवाळीनंतरची असल्याचे सांगितले आणि तुळशीला पाणी घालताना उरलेल्या तांब्याने खडू धुऊन टाकला.