आधी फलक, मग फावडं

कॉलनीतल्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून बाग करावी असं तुमच्या मनात आलं असेल, तर अभिनंदन. आता एक करा. माती बघायला जाऊ नका, पाण्याची सोय विचारू नका, थेट फ्लेक्सवाल्याकडे जा. आमच्या रत्नागिरीत सहा बाय आठचा फलक तासाभरात हातात मिळतो. तेवढ्या वेळात एक कढीपत्ता धड लावून होत नाही. फलकावर 'हरित' हा शब्द हवा आणि खाली नावं हवीत. नावांचा क्रम तेवढा जपून. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या अंगणात, यावरून गावंच्या गावं कोर्टात गेलेली आहेत, आणि आपण सगळे त्याच गावांतून इथे फ्लॅट घेऊन आलोय. आमच्या फलकावर अध्यक्षांचं नाव सल्लागारांच्या खाली छापलं गेलं. दुसरा फलक येईपर्यंत पहिला खड्डा थांबला होता.

मुहूर्त ५ जूनचाच धरा. त्या दिवशी जागतिक पर्यावरण दिन असतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मृग लागतो. म्हणजे रोप लावायचं, फोटो काढायचा आणि बाकीचं ढगांवर सोडून द्यायचं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. या चार महिन्यांत प्लॅस्टिकची खुर्ची पुरलीत तरी तिला पालवी फुटेल. भरपूर फोटो काढून ठेवा. एप्रिलमध्ये ग्रुपवर टाकायला लागतात.

समिती मोठी असू द्या. आमच्या पहिल्या बैठकीला एकेचाळीस माणसं होती, त्यातली एकोणतीस समितीत गेली. उरलेल्या बारा जणांना वाईट वाटू नये म्हणून उपसमित्या केल्या. पाणी उपसमिती, खत उपसमिती, चहा उपसमिती. आठ वर्षांत नेमाने काम केलं ते चहा उपसमितीने. (आल्याचा चहा आणि खारी. त्यात कधी कमी पडलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.) समितीत कुणाला घ्यावं याला काही नियम नाही, कुणाला घेऊ नये याला आहे. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली एक मुलगी राहते. ते विद्यापीठ १९७२ पासून कोकणात काय रुजतं आणि काय मरतं तेच बघत आलंय. असं माणूस समितीत आलं की बैठक दहा मिनिटांत संपते, आणि मग उरलेल्या संध्याकाळचं करायचं काय? आम्ही तिला 'विशेष निमंत्रित' केलं आणि बैठक तिच्या ऑफिसच्या वेळेत ठेवली.

आता काय लावायचं. इथे लोकशाही हवी. आमची जागा चार गुंठे. प्रत्येकाला हापूस हवा होता, कारण प्रत्येकाच्या गावच्या घरी हापूस आहे आणि तो कुणाच्या वाटणीचा यावरून भावाशी बोलणं बंद आहे. दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवतात. म्हणजे एका कलमाला शंभर चौरस मीटर, जवळजवळ अख्खा गुंठा. हिशेबाने चार कलमं लागतात आणि मग बसायला बाकडंही मावत नाही. त्या मुलीने (तेव्हा ती रजेवर होती, म्हणून बैठकीला आली) हे कागदावर काढून दाखवलं. आम्ही कौतुक केलं आणि अकरा कलमं लावली. वर सात माड. माडाला माडापासून पंचवीस फूट लागतात हे तर आमच्यातल्या निम्म्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण झाडं वीतभर असताना मधली जागा क्रिकेटला पुरेल एवढी वाटत होती, आणि पुढे ती क्रिकेटलाच पुरली.

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची, गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. रातांब्याचं झाड नर असतं किंवा मादी, आणि बी टाकून उगवलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. नराला फुलं येतात, फळ कधीच येत नाही. रोपाकडे बघून कळत नाही, फुलावर यायला सहा-सात वर्षं जावी लागतात. म्हणून कलम लावावं, असं ती मुलगी म्हणाली. आमचे खजिनदार म्हणाले, "आमच्या आजोबांनी बिया थुंकल्या होत्या, अजून आगळ भरतोय आम्ही." या मुद्द्याला उत्तर नव्हतं. पाच रोपं फुकट मिळत होती, ती लावली. एक मेलं. चार जगली, उंच झाली, पानं काय तुकतुकीत. मागच्या वर्षी फुलावर आली आणि चारही नर निघाली. समितीच्या सभेत हे कळलं तेव्हा सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, जरा शांतता पसरली. सगळे पुरुष सदस्य त्या झाडांकडे उगाचच बघत राहिले. अशी झाडं तुमच्याकडेही असतील तर तोडायची घाई करू नका. एक तर सावली चांगली पडते. दुसरं म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. लावायला लागत नाही, हे आपल्यासारख्यांचं भाग्य.

खड्ड्यांचं थोडक्यात. माडासाठी मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. श्रमदानाला रविवारी सकाळी साडेसातला तेवीस जण आले होते. दीड फुटावर पहार ठण्णकन वाजली. खाली जांभा, म्हणजे चिऱ्याचाच दगड. कोकणात चिरा जमिनीतूनच काढतात हे चिऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसांना त्या दिवशी नव्याने समजलं. आठला पोहे आले, नऊला सहा जण उरले, आणि त्यातले दोघं पोह्यांची भांडी न्यायला थांबले होते. मग ब्रेकरवाला बोलावला, आणि भर घालायला लाल मातीचा डंपर. हा खर्च जमाखर्चात 'श्रमदान' या सदराखाली लिहा. 'मजुरी' लिहिलंत तर वार्षिक सभेत प्रश्न येतात.

पावसाळ्यात तण काढायचा उपक्रम ठेवा. आमच्याकडे पहिल्याच सरींनंतर टाकळा आला, कुरडू आला, कुंपणाकडे भारंगीही होती. आम्ही हातमोजे घालून सगळं मुळासकट उपटलं आणि तिथे पाकिटातलं लेट्यूस पेरलं. लेट्यूस चार दिवसांत कुजलं. त्याच सकाळी आमच्या वहिनी बाजारातून टाकळ्याच्या दोन जुड्या विकत घेऊन आल्या. निवडलेल्या नव्हत्या म्हणून भाव करून आणल्या, असं म्हणाल्या. मी काही बोललो नाही.

खताचा खड्डा ही खरी कसोटी. त्यात करायचं तसं काही नसतं. एक घमेलं ओला कचरा, दोन-तीन घमेली पातेरा (वाळका पालापाचोळा), मधून मधून वरखाली करायचं, मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण थेंब गळू नये इतपत ओल ठेवायची, आणि वर छप्पर हवं. कोकणात छप्पर हवंच. छपराचा ठराव आमच्याकडे मेमध्ये झाला, पत्र्यांचे तीन दर मागवले गेले, आणि जुलैत एका रात्री खड्डा तुडुंब भरून आमची दीड किलो विकतची गांडुळं रस्त्यावर आली. सकाळी शाळेच्या रिक्षा त्यांच्यावरून गेल्या. त्याहून मोठं संकट म्हणजे बांगडा. निम्म्या कॉलनीचं म्हणणं, मासळीची खवलं आणि मुंडकी खड्ड्यात टाकायला हरकत काय. माडाला मासळीचं खत घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, ज्या खतावर तुळस वाढणार त्यात बांगडा चालणार नाही. दोन्ही बाजूंना वनस्पतिशास्त्राचा आधार होता. तोडगा असा निघाला की खड्डे दोन करावेत, एक शाकाहारी. आता दोन खड्डे आहेत. दोन्हींत दुधाच्या पिशव्या आहेत. पातेरा आम्ही जाळतो.

गणपतीत बाग बंद ठेवा. ठेवा म्हणजे काय, राहतेच. सगळे गावाला जातात, आणि परत येईपर्यंत गवत कमरेला लागलेलं असतं. ते काढायला दिवाळीनंतर माणूस सांगा. इथे एक धोका आहे, सावध राहा. कोकणातला शेतकरी भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ टाकतो आणि वर पाणी न घालता पीक घेतो. त्या मुलीने हे सुचवलं तेव्हा क्षणभर आम्हालाही पटलं होतं. पाण्याचा प्रश्न नाही, वेळापत्रकाची गरज नाही, जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी शेंगा. पण डिसेंबरात त्या जागेवर टेनिस बॉलचे नाईट सामने असतात आणि २६ जानेवारीला सत्यनारायण. मांडवाचे बांबू पुरायला बागेतली माती फार सोयीची पडते, नांगरल्यासारखी मऊ.

मग मार्च येतो. पाऊस गेला की पाच महिने आभाळातून थेंब नाही, जांभ्यात पाणी ठरत नाही, आणि नळाला एक दिवसाआड पाणी. रोपाला खरी गरज आता असते. म्हणून आता वेळापत्रक करा. आमचं वेळापत्रक रंगीत आहे. सोमवार ए विंग, मंगळवार बी विंग, बाजूला झारीचं चित्र. ते ग्रुपवर टाकलं की तासाभरात चोवीस अंगठे येतात. पहिल्या सोमवारी माणूस येतो. दुसऱ्या सोमवारी त्याच्याकडे पाहुणे असतात. तिसऱ्या सोमवारी तो ग्रुपवर विचारतो की आज मंगळवार आहे ना. कुणी सांगेल, रोपाच्या बुंध्याशी पातेऱ्याचं जाड आच्छादन घाला, आळ्यात नारळाची सोडणं पुरा, ती पाणी धरून ठेवतात, म्हणजे आठवड्याला दोन कळश्यांतही भागतं. खरं आहे ते. पण पातेरा आपण जाळलेला असतो आणि सोडणं बंबात गेलेली असतात. अशा वेळी ठिबक सिंचनावर माहितीपर व्याख्यान ठेवा. आमच्याकडे उत्तम झालं. वक्त्यांना श्रीफळ दिलं, ते विकत आणलं होतं.

पिकाबद्दल फार काळजी करू नका, फार नसतंच. दुसऱ्या वर्षी चौदा भेंड्या लागल्या. बत्तीस बिऱ्हाडांत चौदा भेंड्या कशा वाटायच्या यावर ठराव होईपर्यंत त्या निबर झाल्या, तेव्हा बियाण्यासाठी राखून ठेवल्याचं जाहीर केलं. पपया वानरांनी नेल्या. वानरांचं मला एक आवडतं, ती वेळेवर येतात, सगळी येतात, आणि कुणी कुणाला बोलवावं लागत नाही.

हे सगळं नीट पार पाडलंत की आठव्या वर्षी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तुमची बाग आमच्यासारखी होईल. अकरातली तीन कलमं, दोन माड, चार नर रातांबे, आणि मधोमध फलक, आता पांढरा पडलेला. नावं वाचता येत नाहीत, त्यामुळे वादही मिटलेत. नगरपालिकेतून कुणी स्पर्धेसाठी पाहणीला येणार असल्याचं कळलं, तेव्हा आम्ही सात पदाधिकारी हिरवं काय दाखवता येईल ते शोधत हिंडलो. पंपाच्या खोलीमागे, जिथे कुणी जात नाही, तिथे मोरीच्या पाइपाखाली अळू दिसलं. गुडघाभर, काळ्या देठाचं, पानं सुपाएवढी. शेजारी लाल माठाचा एक वाफा, कडेला चिऱ्याचे तुकडे नीट लावलेले. हे कुणी केलं? पाणी उपसमितीने केलं नव्हतं. खत उपसमितीला वाटलं आपण केलं असेल.

तेवढ्यात सी विंगला धुणंभांडी करणाऱ्या मावशी भांड्यांच्या पाण्याची बादली घेऊन आल्या. आम्हाला बघून थबकल्या, मग आम्हाला वळसा घालून गेल्या आणि बादली आळ्यात ओतली. रोज ओतत असाव्यात. त्या कधीच्या ग्रुपवर नाहीत, फोन साधा आहे. अध्यक्षांनी लगेच फोटोसाठी सगळ्यांना अळवाच्या मागे उभं केलं. मावशींनी बादली खाली ठेवली आणि फोटो होईपर्यंत थांबून राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आज सुनेला फतफतं करायचंय. चार पानं नेऊ का वो?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, विषय सार्वजनिक मालमत्तेचा आहे, येत्या रविवारच्या सभेत घेऊ.

"रविवारी मी नसते वो," मावशी म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलली. "सोमवारी येते पाणी घालायला."